पार्लरला वाईट रिव्ह्यू आला तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या एका खोलीत, सोसायटीच्या गाळ्यात किंवा बाजारपेठेत दोन-तीन खुर्च्यांचं पार्लर चालवणाऱ्या मैत्रिणींसाठी ही उत्तरं आहेत. बहुतेक रिव्ह्यू गुगल मॅप्सवर येतात, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आत्ताच एक स्टारचा रिव्ह्यू दिसला. सगळ्यात आधी काय करू?

तो दोनदा वाचा आणि तक्रार नेमकी कशाची आहे ते ठरवा. भाजलं, कातडी सोलली, पुरळ आलं, डोळे सुजले, केस मुळापासून तुटले असं काही लिहिलं असेल तर उत्तराचा विचार बाजूला ठेवा आणि त्या बाईंना लगेच फोन करा. रिव्ह्यूचा विषयही काढू नका. आत्ता कसं वाटतंय, डॉक्टरांना दाखवलं का, एवढंच विचारा.

उशीर झाला, दर जास्त लावला, कट आवडला नाही, स्टाफ नीट बोलला नाही अशी तक्रार असेल तर त्या दिवशी काहीच लिहू नका. रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण तो नंतर बदलला किंवा काढला जाऊ शकतो. मग अपॉइंटमेंटची वही उघडा. त्या दिवशी कोण आलं होतं, काम कोणी केलं, कोणतं प्रॉडक्ट वापरलं, किती पैसे घेतले ते पाहा. जिने काम केलं तिला शांतपणे विचारा. दुसऱ्या दिवशी दुपारी, पार्लरमध्ये गर्दी नसते त्या वेळी, उत्तर लिहायला बसा. पण दोन-तीन दिवसांपलीकडे लांबवू नका.

उत्तर द्यायलाच हवं का? गप्प बसले तर विषय संपणार नाही का?

द्या. उत्तर त्या क्लायंटला तर जातंच, पण ते खरं वाचते ती जिने तुमचं पार्लर अजून पाहिलेलं नाही ती मुलगी. नवीन गावात सून म्हणून आलेली, बदलीवर आलेली, कॉलेजसाठी खोली घेऊन राहणारी मुलगी आधी फोटो बघते आणि मग सगळ्यात वाईट रिव्ह्यू उघडते. इथे काही बिघडलं तर या ताई आपल्याशी कशा वागतील, हे तिला जाणून घ्यायचं असतं. उत्तर लिहिताना तीच डोळ्यांसमोर असू द्या.

नुसते स्टार दिले आहेत, एक शब्दही लिहिलेला नाही, अशा ठिकाणी दोन ओळी पुरतात: काय खटकलं ते कळलं तर सुधारता येईल, कृपया पार्लरच्या नंबरवर कळवा.

उत्तर लिहू कसं? काही नमुना द्याल का?

नमुना देते, पण जसाच्या तसा उतरवू नका. आठ रिव्ह्यूंखाली तेच छापील उत्तर दिसलं की वाचणारीला वाटतं, इथे कोणी वाचतच नाही.

समजा लिहिलंय: ‘चारची अपॉइंटमेंट होती, पाच वाजता नंबर लागला. परत जाणार नाही.’ वहीत पाहिल्यावर कळलं की खरंच उशीर झाला होता. तर असं लिहा:

‘नमस्कार. तुम्हाला तासभर थांबावं लागलं, हे खरं आहे. आधीचं हेअर कलरचं काम लांबलं आणि आम्ही तुम्हाला फोन करून कळवायला हवं होतं, ते झालं नाही. त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. आता कलर आणि स्मूदनिंगनंतर आम्ही अर्धा तास मोकळा ठेवतो. तुम्ही वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार.’

खाली स्वतःचं नाव लिहा. ‘टीम अमुकतमुक’पेक्षा मालकिणीचं नाव वाचून बरं वाटतं. क्लायंटने मराठीत लिहिलं असेल तर मराठीत, हिंदीत लिहिलं असेल तर हिंदीत उत्तर द्या. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं असलं तरी तुम्ही साधं देवनागरीत लिहा.

तिची बाजू चुकीची आहे याची खात्री असेल तर वस्तुस्थिती एकदाच, एका वाक्यात सांगा: ‘दरपत्रकात लांब केसांच्या स्पाचा दर वेगळा लिहिलेला आहे, तरी काम सुरू करण्याआधी तो तोंडी सांगणं ही आमची जबाबदारी आहे.’ त्यापुढे वाद वाढवू नका. ‘तुम्हीच उशिरा आलात’, ‘तुमचे केस आधीच खराब होते’, ‘बाकी कोणाची तक्रार नाही’ ही वाक्यं शंभर टक्के खरी असली तरी लिहू नका. वाचणारीला त्यातून एवढंच कळतं की उद्या आपल्याबद्दलही असंच चारचौघांत लिहिलं जाईल.

‘चेहऱ्यावर पुरळ आलं’ असं लिहिलंय. पण इथून गेली तेव्हा चेहरा एकदम छान होता. ती खोटं बोलतेय का?

बहुतेक वेळा नाही. तुम्ही दोघीही खरं सांगत असता. हा प्रश्न नीट समजून घ्या, कारण पार्लरचं नाव सगळ्यात जास्त याच तक्रारींनी जातं.

हेअर कलरमध्ये, विशेषतः काळ्या आणि गडद शेड्समध्ये, पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी लगेच दिसत नाही. काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी कानामागे, कपाळाच्या कडेला, मानेवर खाज आणि पुरळ येतं, पापण्या सुजतात. त्यामुळे क्लायंट हसत घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू येतो. इतकी वर्षं कलर लावूनही काही झालेलं नसेल तरी ॲलर्जी नव्याने सुरू होऊ शकते. ‘मी तर फक्त काळी मेंदी लावते’ म्हणणाऱ्यांनाही होते, कारण काळ्या मेंदीच्या कितीतरी पाकिटांत पीपीडीच असतं.

म्हणूनच कलरच्या खोक्यावर आधी चाचणी (पॅच टेस्ट) करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापलेली असते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कलर लावून ४८ तास पाहायचं. ‘ताई, आज संध्याकाळी फंक्शन आहे, राहू द्या ती टेस्ट’ असं क्लायंट म्हणतेच. तेव्हा नाही म्हणण्याची हिंमत ठेवा, मी तरी याबाबत कुठलीही तडजोड सुचवणार नाही. एका कामाचे पैसे जातील, पण तिचा चेहरा वाचेल.

वॅक्सिंगचंही तसंच. पिंपल्ससाठी किंवा अँटी-एजिंग म्हणून रेटिनॉइडचं क्रीम लावणाऱ्या मुलींची त्वचा नाजूक झालेली असते आणि अपर लिपचं वॅक्स काढताना सालपट निघतं. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स करूच नये. ती स्वतःहून हे सांगत नाही, कारण क्रीमचा आणि वॅक्सचा संबंध तिला माहीत नसतो. आपण विचारायचं.

आता तक्रार आलीच असेल तर:

फोन करा. तोंड, ओठ, डोळे सुजले असतील किंवा श्वास लागत असेल तर ताबडतोब दवाखान्यात जायला सांगा, शक्य असेल तर स्वतः सोबत जा. त्रास साधा असला तरी त्वचारोगतज्ज्ञांकडेच पाठवा. ‘बर्फ लाव, कोरफड लाव, दोन दिवसांत जाईल’ असे सल्ले फोनवर देऊ नका, मलमांची नावं तर अजिबात सांगू नका. वापरलेल्या प्रॉडक्टची बाटली किंवा ट्यूब फेकू नका. नाव, शेड, बॅच नंबर आणि घटकांच्या यादीचा फोटो तिला पाठवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. तीच बॅच दुसऱ्या कोणाला लावू नका.

हे सगळं झाल्यावर रिव्ह्यूखाली लिहा: ‘तुम्हाला झालेला त्रास वाचून काळजी वाटली. आपलं फोनवर बोलणं झालं आहे, वापरलेल्या प्रॉडक्टची माहिती तुम्हाला पाठवली आहे. तुम्ही पूर्ण बऱ्या होईपर्यंत मी संपर्कात राहीन.’ लिहिलंय ते खरं झालेलं असेल तरच लिहा.

चूक आमचीच आहे. लेखी कबूल केलं तर कायद्याने अडकू का?

साध्या चुकीची साधी कबुली द्यायला घाबरू नका. उशीर, चुकीची शेड, विसरलेलं बुकिंग याबद्दल क्षमा मागितल्याने नाव वाढतं. इजा झाली असेल तर मात्र कारण काय ते सार्वजनिक ठिकाणी ठरवू नका, ‘आमच्या कलरमुळेच झालं’ असंही नाही आणि ‘आमच्यामुळे झालंच नाही’ असंही नाही. ते डॉक्टर सांगतील.

पैसे घेऊन दिलेली सेवा म्हणून पार्लर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येतं. क्लायंट १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते, तेव्हा कामाच्या नोंदी आणि बिलं निदान तेवढा काळ जपून ठेवा. वकिलाची नोटीस आलीच तर रिव्ह्यूखाली पुढे काही न लिहिता आधी वकिलाला भेटा.

पैसे परत देते, पण रिव्ह्यू काढ, असं सांगू का?

नाही. रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी पैसे, सूट, फुकट सर्व्हिस देऊ करणं गुगलच्या नियमांत बसत नाही. शिवाय तुमचा तो मेसेज तिने रिव्ह्यूत टाकला तर मूळ तक्रारीपेक्षा तोच जास्त वाचला जाईल.

पैसे परत देणं योग्य वाटत असेल तर कसलीही अट न घालता द्या. काम परत करून देणार असाल तर तारीख आणि वेळ ठरवून द्या, ‘कधीही या’ म्हणू नका. समाधान झाल्यावर ती स्वतःहून रिव्ह्यू बदलते की नाही, हे तिच्यावर सोडा.

रिव्ह्यू डिलीट करता येतो का?

तुम्हाला नाही येत. लिहिणारी स्वतः काढू शकते किंवा नियमभंग झाला असेल तर गुगल काढतं. रिव्ह्यूशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबलं की तक्रार करण्याचा पर्याय येतो. शिवीगाळ, जातीधर्मावरून द्वेष, धमकी, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता, जाहिरात, पार्लरशी संबंध नसलेला मजकूर, स्पर्धकाने किंवा कामावरून गेलेल्या व्यक्तीने लिहिलेला रिव्ह्यू, अशा कारणांसाठी तो काढला जाऊ शकतो. नेमकं कारण निवडा. निर्णयाला काही दिवस लागतात, नकार आला तर एकदा अपील करता येतं.

‘कट बिघडवला’, ‘महाग आहे’ अशा तक्रारीत मात्र गुगल पडत नाही. कोण खरं, कोण खोटं हे ते तपासत बसत नाही. तिथे तुमचं उत्तर हाच उपाय.

ही बाई कधी आलीच नव्हती. मला वाटतं शेजारच्या पार्लरवालीने टाकलंय.

आधी वही आणि यूपीआयचे मेसेज पाहा. गुगलवरचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं: नवऱ्याचं खातं, माहेरचं नाव, मुलाचा फोन. नावाशिवाय तारीख आणि कामावरूनही शोधा.

तरीही सापडलं नाही तर तक्रार नोंदवा आणि तोवर एवढंच लिहा: ‘या नावाने आमच्या नोंदीत भेट सापडत नाही. तारीख आणि केलेलं काम पार्लरच्या नंबरवर कळवलंत तर नक्की लक्ष घालेन.’ पुरावा हातात असला तरी शेजारणीचं नाव उत्तरात घेऊ नका. एकाच गल्लीत रोज एकमेकींची तोंडं पाहायची असतात आणि गावात असं भांडण वर्षानुवर्षं पुरतं.

‘पैसे पाठवा नाहीतर दहा जणांकडून एक स्टार टाकतो’ असा मेसेज आला. द्यायचे का?

एक रुपयाही देऊ नका. एकदा दिले की मागणी पुन्हा येते. मेसेज, नंबर, वेळ यांचे स्क्रीनशॉट ठेवा, ज्या रिव्ह्यूंचा संबंध असेल त्या प्रत्येकावर गुगलकडे तक्रार करा. ही खंडणी आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. पैसे पाठवून बसला असाल तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बदनामीची केस करू का?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. पण लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट बदनामी ठरत नाही आणि ‘मला फेशियल आवडलं नाही’ हे तर मतच झालं. ठरवून, खोटे आरोप करून, पुन्हा पुन्हा लिहिलं जात असेल तर वकिलाचा सल्ला घ्या. एका रागावलेल्या क्लायंटसाठी कोर्टाची पायरी चढू नका.

रिव्ह्यूत आमच्या मुलीचं नाव घेऊन वाईट लिहिलंय. तिला कामावरून काढू का?

रिव्ह्यू वाचून कोणाला काढू नका. तिला बाजूला घेऊन, इतर मुलींसमोर न विचारता, काय झालं ते ऐका. थ्रेडिंगला लागलेलं असेल तर हात बसायला हवा, म्हणजे शिकवणं तुमचं काम. उद्धट बोलली असेल तर त्या दिवशी ती जेवली होती का, सकाळपासून किती वॅक्स केले होते, हेही विचारा. दिवाळीच्या आठवड्यात उभ्याने दहा-बारा तास काम करणाऱ्या मुलींच्या आवाजात थकवा येतो. त्याला गर्दीचं नियोजन जबाबदार असतं आणि ते मालकिणीच्या हातात आहे.

उत्तरात तिचं नाव परत लिहू नका. ‘माझ्या पार्लरमध्ये झालेल्या कामाची जबाबदारी माझी आहे’ असं लिहा. मुली हे वाचतात. मालकीण आपल्याला लोकांसमोर उघडं पाडत नाही हे कळलं की त्या टिकतात आणि मन लावून शिकतात.

लग्नाच्या मेकअपवरून मोठी तक्रार आली आहे. तो दिवस तर परत येणार नाही. काय करू?

म्हणूनच इथे उत्तरात सगळ्यात जास्त हळुवारपणा हवा. ‘आम्ही महागडी प्रॉडक्ट्स वापरली होती’ याने तिच्या अल्बममधले फोटो बदलत नाहीत. आधी तिचं दुःख मान्य करा, मग पैशांचं बोला आणि ते फोनवर बोला.

अशा तक्रारींची कारणं बहुधा तीन असतात. पहिलं, ट्रायल झालेली नसते. ट्रायल झाली असली तरी ती घरच्या उजेडात होते आणि हॉलमध्ये फोटोग्राफरचा फ्लॅश वेगळा पडतो, चेहरा मानेपेक्षा पांढरा दिसतो. ट्रायलच्या दिवशीच फ्लॅश लावून फोटो काढून पाहा. दुसरं, वेळ. नऊवारी नेसवणं, खोपा, मुंडावळ्या, दागिने याला किती वेळ लागतो हे मुलीच्या आईला आधी सांगितलेलं नसतं. मुहूर्तापासून उलटं मोजत कोणत्या वेळी काय सुरू होईल ते लिहून द्या. तिसरं, ‘बहिणीचा पण करून द्या ना’ असं ऐन वेळी वाढलेलं काम आणि त्याच्या पैशांवरून झालेली कुरबुर.

ॲडव्हान्स किती, रद्द केल्यास किती परत, मेकअप कोण करणार (तुम्ही स्वतः की असिस्टंट), हे बुकिंगच्या वेळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि तिच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या. यातला असिस्टंटचा मुद्दा विसरू नका. नवरीने तुमचं काम पाहून बुक केलेलं असतं.

तिचा ‘खूप छान झालंय’ म्हणणारा मेसेज आणि फोटो माझ्याकडे आहे. तो स्टोरीला टाकून खरं काय ते दाखवू?

कृपया टाकू नका. तिच्या परवानगीशिवाय तिचा चेहरा किंवा खासगी चॅट लोकांसमोर आणणं चुकीचं आहे. तक्रार आयोगाकडे गेली तर तो मेसेज तिथे पुरावा म्हणून द्या. केस गळणं, चेहऱ्यावरची लव, अंगावरचे डाग, गरोदरपण असं जे क्लायंट खुर्चीत बसून विश्वासाने सांगते, त्यातला एक शब्दही उत्तरात येता कामा नये.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा चालू आहे. तिथेही उत्तर देऊ?

एकदाच, थोडक्यात: ‘मी त्यांच्याशी बोलते आहे.’ आणि खरंच बोला. ग्रुपवर आपली बाजू मांडायला मैत्रिणींना उभं करू नका.

मैत्रिणींकडून आणि नातेवाइकांकडून पाच स्टार टाकून घेतले तर रेटिंग वर येईल ना? ‘५० रिव्ह्यू विकत घ्या’ असे मेसेजही येतात.

दोन्ही नको. खोटे रिव्ह्यू गुगलच्या नियमाविरुद्ध आहेत, पकडले गेले तर काढले जातात आणि प्रोफाइलवर निर्बंधही येऊ शकतात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, त्यातही विकत घेतलेल्या रिव्ह्यूंना जागा नाही. आणि वाचणारीलाही ते ओळखू येतात: एकाच दिवशी आलेले बारा रिव्ह्यू, सगळ्यांत ‘नाइस सर्व्हिस’.

मग खरे रिव्ह्यू कसे मागू?

हिशेब पाहा. २० रिव्ह्यू आणि ४.८ रेटिंग असताना एक स्टारचा एक रिव्ह्यू आला की सरासरी ४.६ वर येते. पुन्हा बरोबर ४.८ व्हायला पाच स्टारचे १९ रिव्ह्यू लागतात. तेच १०० रिव्ह्यू असते तर रेटिंग ४.८ च्या आसपासच राहिलं असतं. म्हणून वर्षभर थोडे थोडे रिव्ह्यू येत राहायला हवेत.

गुगलच्या प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो आरशाशेजारी लावा. फक्त खूश दिसणाऱ्यांनाच विचारायचं आणि बाकीच्यांना टाळायचं, हे नियमात बसत नाही, सगळ्यांनाच सांगा. सूट किंवा फुकट थ्रेडिंगचं आमिष नको. क्लायंट खुर्चीत असताना फोन हातात देऊन ‘टाका ना’ म्हणू नका, तिला संकोच वाटतो. कलर किंवा स्मूदनिंग असेल तर एक-दोनदा केस धुतल्यावर, नवरी असेल तर लग्नानंतर आठवड्याने मेसेज करा. ‘जसं वाटलं तसं लिहा’ हे शब्द त्यात असू द्या.

प्रत्येक वेळी वहीकडे बोट दाखवताय. वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, वेळ, काम, काम करणारीचं नाव, प्रॉडक्ट, शेड, डेव्हलपरची ताकद, किती वेळ ठेवलं, आधीची ॲलर्जी किंवा चालू औषधं, पॅच टेस्ट कधी केली आणि काय दिसलं, घेतलेली रक्कम. केस अवघड असतील तर आधीचा-नंतरचा फोटो, तिला विचारूनच. वही कुलपात ठेवा, काउंटरवर उघडी नको.

उत्तर देऊन झालं, मग प्रकरण मिटलं. आता जुनं उत्तर बदलता येतं का?

येतं. तुमचं उत्तर तुम्ही केव्हाही सुधारू किंवा काढू शकता. आधीच्या उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवून खाली एक ओळ वाढवा: ‘१२ तारखेला रंग दुरुस्त करून दिला, तुम्ही पुन्हा आलात याचा आनंद आहे.’ मात्र तिने रिव्ह्यू बदलून पाच स्टार केले असतील तर तिची जुनी तक्रार सांगणारं तुमचं उत्तर तसंच ठेवू नका. ते बदलून फक्त आभार माना.